काव्याचें रिंगण : नागपूरकर भोसल्यांचें घोडदळ आणि शिंगराची पूर्वशिक्षा

[१]

मराठ्यांच्या युद्धपद्धतीविषयीं लिहितांना 'गनिमी कावा' हा शब्दप्रयोग आपण इतका सहज करतों कीं, त्यांतील दुसऱ्या पदाची चौकशी करण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. 'गनीम' म्हणजे शत्रु, हें सर्वांस ठाऊक असतें. 'कावा' म्हणजे कपट, डाव, हुलकावणी, असें उत्तर कोणीहि देईल. परंतु मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ति, १८५७) किंवा दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२-३८) उघडून पाहावा. कपटाच्या जोडीस तेथें आणखी एक अर्थ नोंदलेला आढळेल : घोड्यास वर्तुळांत फिरविणें. प्लॅट्सच्या १८८४ च्या हिंदुस्थानी कोशांतहि हाच अर्थ असून, घोडे फिरविण्याच्या रिंगणासच तेथें 'कावा' म्हटलें आहे. घोड्यास कावा देणें, घोडा काव्यावर धरणें, हे पागेंतील माणसांचे धंद्याचे शब्द होत.

या दोन अर्थांचा परस्परसंबंध काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचें मत असें कीं, रिंगणाचा अर्थ अगोदरचा आणि डावपेचाचा अर्थ त्यापासून निघालेला आहे. स्थूल व डोळ्यांस दिसणाऱ्या क्रियेवरून सूक्ष्म अर्थ निघावा, ही भाषेची नेहमींची रीत आहे. उलट प्रवास विरळा. 'मांड ठोकणें', 'लगाम घालणें', 'खोगीरभरती' हे प्रयोग पागेंतून निघूनच घरांत व कचेरींत आले. घरांतून पागेंत गेले नाहींत. 'कावा' हा त्याच वाटेनें आलेला असावा.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. कपट हें मनांत सुचतें; त्यास सामग्री लागत नाहीं. शिक्षणास मात्र महिने लागतात, माणसें लागतात, दाणा, दोरी व जमीन लागते. परकीय इतिहासकारांनीं मराठ्यांच्या लढाईस लुटारूंची धूर्तता म्हटलें. आपल्याकडील लेखकांनीं तिलाच प्रतिभा म्हणून गौरविलें. दोघांनींहि ती मनांतून निघाली असेंच धरून चालविलें. ती जर रिंगणांतून निघाली असेल, तर तिचा इतिहास बखरींतील पराक्रमांच्या वर्णनांत न शोधतां पागेच्या जमाखर्चांत शोधावा लागेल. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाचें उदाहरण पुढें ठेवून ही गोष्ट स्पष्ट करण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

[२]

घोडदळाची व्यवस्था समजण्यास कृष्णाजी अनंत सभासद याची १६९७ च्या सुमाराची बखर अद्यापि पहिलें साधन आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी चढती रचना त्यानें दिली आहे. पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असावा, हेंहि तो सांगतो. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस यावें, तेथें दाणा, वैरण, औषधें आणि गवतानें शाकारलेल्या पागा सिद्ध असाव्या, व दसऱ्यास पुन्हा कूच करावें, असा वर्षाचा क्रमहि त्यानें लिहून ठेवला आहे.

या रचनेंत स्वारांचे दोन वर्ग होते. शिलेदार आपला घोडा घेऊन येई. बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या फौजेंत वावरलेल्या विल्यम टोन यानें शिलेदाराची अडचण नेमकी ओळखली होती : घोडा मेला तर नुकसान त्याचें एकट्याचें, म्हणून घोडा राखण्याकडे त्याचें लक्ष अधिक. बारगिराची गोष्ट निराळी. त्याचा घोडा सरकारी, म्हणून त्या घोड्याचें शिक्षणहि सरकारी. शिलेदाराच्या घोड्यास कोणी, कसें व किती शिकविलें हें ज्याचें त्यास ठाऊक. बारगिराचा घोडा मात्र पागेच्या हातून तयार होऊनच त्याच्या मांडीखालीं येई. सरकारच्या शिक्षणपद्धतीचा शोध घ्यावयाचा तर बारगिराकडेच पाहिलें पाहिजे.

नागपूरच्या इतिहासांत या बारगिराचें नांव एका चमत्कारिक रीतीनें टिकून राहिलें आहे. पहिल्या रघूजी भोसल्याच्या वतीनें १७४२ मध्यें भास्करराम कोल्हटकर पाचेटच्या मार्गानें बंगाल्यांत उतरला. नागपुरापासून भागीरथीकांठचें कटवा हें सरळ रेषेनेंहि सुमारें सहाशे मैल दूर. मधला प्रदेश रानाचा, डोंगराचा आणि मोठमोठ्या नद्यांचा. १७४४ मध्यें मानकरा येथें भेटीच्या मिषानें भास्कररामाचा वध झाला, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहींत. १७५१ च्या तहानें नबाब अलीवर्दीखानास बारा लाखांची चौथ मान्य करावी लागली. या दहा वर्षांत बंगाली लोकांनीं आक्रमकांस जें नांव दिलें तें 'मराठा' नव्हे, 'भोसला' नव्हे, तर 'बर्गी' — म्हणजे आपला बारगीर. १७५१ च्या सुमाराच्या गंगारामकृत 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यांत हाच शब्द आहे, आणि तेथील अंगाईगीतांतूनहि तो उतरला. त्या स्वाऱ्यांत प्रजेस सोसाव्या लागलेल्या हालांची ती स्मृति असल्यामुळें आपणांस तीबद्दल अभिमान वाटण्याचें कारण नाहीं. परंतु इतिहासाचें साधन म्हणून तिचें मोल आहे. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराची ठेवण एका परक्या प्रांताच्या मनावर इतकी ठसली, त्या अर्थीं ती ठेवण फौजेंत ठळक असली पाहिजे.

[३]

आतां या घोड्यास रणांत काय करावें लागे तें पाहूं. तोफा, पायदळ व बाजारबुणगे घेऊन संथ चालणाऱ्या फौजेस मराठ्यांचें घोडदळ समोरून भिडत नसे. तें तिच्याभोंवतीं फिरे, रसद तोडी, मागील बाजूस येई, अंगावर घेतलें कीं दूर होई आणि पाठलाग थांबला कीं पुन्हा वळे. नकाशावर ही हालचाल रेखाटली तर ती पुष्कळशी रिंगणासारखी दिसेल. पण येथें अधिक महत्त्वाचें आहे तें एकेका घोड्याचें काम. भरधाव जातांना खुणेसरशी थांबणें, थांबल्या पावलीं मागील पायांवर भार घेऊन उलटा फिरणें, उजव्या व डाव्या दोन्ही हातांस सारख्याच सहजतेनें वळणें, आणि हें सर्व स्वाराच्या एकाच हाताच्या इशाऱ्यावर करणें. कारण दुसरा हात भाल्यासाठीं किंवा तलवारीसाठीं मोकळा पाहिजे. एका हातानें धरलेली बाग तोंडास हिसका देऊन घोड्यास वळवूं शकत नाहीं. ती मानेस टेकते, आणि त्या स्पर्शाचा अर्थ घोड्यास अगोदर शिकविलेला असावा लागतो.

ही गरज केवळ लढाईची नव्हे. जेथें जेथें माणसानें एका हातानें घोडा व दुसऱ्यानें दुसरें साधन चालविलें, तेथें तेथें ती उत्पन्न झाली. मेक्सिको व कॅलिफोर्निया येथील स्पॅनिश गुराख्यांचा एक हात गुरें पकडण्याच्या दोरीस लागे. त्यांच्या कलेंतून अमेरिकेंत 'रेनिंग' नांवाची स्पर्धा निघाली. तिची राष्ट्रीय संस्था १९६६ मध्यें स्थापन झाली. लहान-मोठीं वर्तुळें, जागच्या जागीं गिरक्या, धांवतां धांवतां मागील पाय जमिनींत घसरवून थांबणें आणि तेथूनच उलट फिरणें, हे तिचे विषय. आपल्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या परंपरेंत कोंवळ्या घोड्याच्या तोंडांत प्रथम लोखंड घालीत नाहींत. नाकावरच्या वेठाची म्होरकी वापरून त्यास आधीं शिकवितात. तिचें स्पॅनिश नांव 'हाकिमा' हें अरबी 'शकीमा' पासून आलें आहे. स्पेनमध्यें अरबांनीं नेलेली विद्या समुद्रापार गेली. अरबी व इराणी घोड्यांबरोबर पश्चिमेकडील विद्या हिंदुस्थानांतहि आली. दोन्ही टोंकांस एकाच कामासाठीं एकाच तऱ्हेचा घोडा घडला, यांत नवल नाहीं.

असा घोडा स्वार पाठीवर बसल्यावर घडत नाहीं. तो त्याअगोदर, माणूस जमिनीवर उभा असतांना घडतो. पाठीवर ओझें आलें कीं कोंवळ्या जनावराचा तोल बिघडतो, तें भितें, मान ताठ करतें, आणि त्या भीतीच्या घटकेस शिकविलेलें जन्मभर चुकीचें राहतें. म्हणून वळणें, थांबणें, मागें सरणें हे सर्व धडे अगोदर दोरीवर द्यावयाचे. या भूमिशिक्षणाचा गाभा म्हणजेच कावा.

[४]

रिंगणावरील हें शिक्षण किती प्राचीन आहे, याचा पुरावा दूरच्या एका ठिकाणीं मिळतो. आशियामायनरमधील बोगाझक्योई येथें १९०६ पासून झालेल्या उत्खननांत हित्ती राजांचें दप्तर सांपडलें. त्यांत मितन्नी देशाच्या किक्कुली नांवाच्या अश्वशिक्षकाचा, रथाच्या घोड्यांना सहा महिन्यांहून अधिक काळ द्यावयाच्या शिक्षणाचा विटांवर कोरलेला पाठ आहे. काळ ख्रिस्तपूर्व सुमारें १४००. ग्रंथाची भाषा हित्ती. पण घोड्यांच्या फेऱ्यांस जे शब्द आले आहेत ते एकवर्तन, त्रिवर्तन, पंचवर्तन, सप्तवर्तन, नववर्तन यांचीं किंचित् बदललेलीं रूपें आहेत. आपल्या भाषाकुलांतील सर्वांत जुन्या कालनिश्चित शब्दांपैकीं हे शब्द; आणि ते यज्ञाचे नव्हेत, घोडा फेरण्याचे आहेत.

ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. शिंगरूं शिक्षकाकडे देतांना, मुलास कारागिराकडे विद्येसाठीं धाडतांना करतों तसा, काय काय शिकवावयाचें याचा लेखी करार करावा, असें तो सांगतो. त्यापूर्वींच मोतद्दारानें शिंगरास माणसाची गोडी लावावी. भूक, तहान व माशांचा उपद्रव माणसाच्या हातून दूर होतो असें त्यास कळावें. गर्दींतून व गोंगाटांतून त्यास हिंडवावें, अशीहि त्याची शिकवण आहे. दोन्ही बाजूंस वळण्याची संवय व्हावी म्हणून उलटसुलट रिंगण घेण्याची तो शिफारस करतो.

आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें, त्यांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण वैद्यकाच्या दृष्टीनें पुष्कळांनीं वाचलें. शिक्षणाच्या दृष्टीनें तें वाचण्यासारखें आहे. स्वारीच्या घोड्याच्या हालचालींचे तेथें पांच वर्ग केले असून पहिला वर्ग 'वल्गन' म्हणजे वर्तुळगतीचा आहे. त्यांतील 'यमक' या प्रकाराचा अर्थ टीकाकारांनीं जोडीनें घेतलेलीं दोन वर्तुळें असा केला आहे. म्हणजे मराठी आठाच्या नव्हे, पण इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी आकृति. उजव्या रिंगणांतून डाव्या रिंगणांत जातांना घोड्याला तोल बदलावा लागतो; आजहि दोन्ही बाजू सारख्या करण्याचा याहून सोपा उपाय नाहीं. शेवटचा वर्ग 'नारोष्ट्र', म्हणजे खुणेबरहुकूम वागणें. पहिल्या वर्गांत रिंगण आणि शेवटच्यांत इशारा, हा क्रम यदृच्छेनें आलेला वाटत नाहीं. चार किंवा पांच वर्षांचा झाल्याशिवाय घोडा कामास योग्य समजूं नये, असाहि तेथें दंडक आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पांचव्या वर्षाच्या आसपास पुरी होते, असें आजचें पशुवैद्यक सांगतें. त्याशीं हा दंडक जुळतो.

त्याच प्रकरणांत 'योग्याचार्य' हा शब्द आहे. 'योग्या' म्हणजे अभ्यास, सराव. घोड्याचें बंधन व दोऱ्या कशा असाव्या हें योग्याचार्यानें सांगावें. युद्धाचा साज सूतानें आणि आहार व उपचार चिकित्सकानें, अशी कामांची वांटणी केली आहे. हा योग्याचार्य म्हणजेच आपला चाबुकस्वार. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें 'मानसोल्लासांत' वाह्याली, म्हणजे घोडे फेरण्याच्या मैदानाचा विषय राजाच्या विनोदांत घातला आहे. तात्पर्य, रिंगणाची ही विद्या महाराष्ट्रास परकी नव्हती. मुसलमानी अमलांत तिला केवळ नवें नांव मिळालें.

[५]

या विद्येचा पागेंतील क्रम कसा असावा, हें शब्दांवरून, घोड्याच्या स्वभावावरून व नागपूरच्या भूमीवरून पुष्कळसें उभें करतां येतें.

पहिला धडा हाताचा. मोतद्दार खरारा करतो, पाय उचलून पाहतो, तोंडाशीं तोबरा बांधतो. वरवर ही चाकरी दिसते. पण ज्या शिंगराचे चारी पाय न भितां उचलतां येतात तेंच पुढें नालबंदापुढें शांत उभें राहतें. दुसरा धडा म्होरकी व बागडोर यांचा. माणूस चालला कीं चालावें, थांबला कीं थांबावें. दोरी ताणली म्हणजे तिच्याविरुद्ध ओढणें हा घोड्याचा उपजत स्वभाव आहे. ताण आला तिकडे एक पाऊल टाकलें कीं ताण सुटतो, एवढें त्यास कळलें म्हणजे निम्मी विद्या झाली. शिकविणाऱ्याचें कौशल्य दोरी ओढण्यांत नसून ती योग्य क्षणीं सैल सोडण्यांत आहे.

तिसरा धडा काव्याचा. चाबुकस्वार मध्यें उभा राहतो, शिंगरूं लांब दोरीच्या टोंकास त्याच्याभोंवतीं फिरतें. चाबूक येथें मारावयाचा नसतो. तो हाताची लांबी वाढवितो आणि मागून पुढें चालण्याची खूण करतो. प्रथम कदम, मग दुडकी, आणि अंगांत बळ आल्यावरच भरधाव. रिंगण आरंभीं मोठें असावें. लहान रिंगणांत आंतील पुढच्या पायावर व मागील घुटींवर भार येऊन कोंवळे सांधे बिघडतात. जितके फेर उजवे तितकेच डावे. बहुतेक माणसें घोड्याच्या डाव्या बाजूनेंच वावरतात. त्यामुळें उजवा हात कच्चा राहण्याचा संभव अधिक, आणि एकाच बाजूस वळणारा घोडा रणांत स्वाराच्या जिवावर बेततो. फेर थोडे व रोजचे असावेत. दमलेलें जनावर शिकत नाहीं, तें केवळ सोसतें.

चौथा धडा साजाचा. पाठीवर आधीं झूल, मग खोगीर. तंग एकदम न आंवळतां दिवसादिवसानें. खोगीर घालून पुन्हा कावा द्यावयाचा, म्हणजे रिकिबी कुशीस लागून हलल्या तरी शिंगरूं बिचकत नाहीं. पांचवा धडा लगामाचा. दोन लांब दोऱ्या दोन बाजूंनीं मागें आणून, माणूस घोड्याच्या मागें चालत त्यास वळवितो, थांबवितो, मागें सरवितो. मागें सरतांना घोडा कंबर खालीं घेऊन भार मागील पायांवर आणतो. भरधाव थांबण्याचें बीज या संथ पावलांत असतें. हे पांच धडे पक्के झाल्यावर हलक्या अंगाचा स्वार पाठीवर चढे, तेव्हां घोड्यास नवें असें फारसें कांहीं उरत नसे. नवी गोष्ट एकच : माणूस जमिनीवरून पाठीवर गेला.

आतां नागपूरची भूमि पाहावी. शहराच्या पश्चिमेस काळा दगड व काळी जमीन आहे. पावसाळा जून ते सप्टेंबर आणि वर्षाचा पाऊस सरासरी चाळीस इंचांहून अधिक. या दिवसांत काळ्या जमिनींत घोड्याचा पाय रुततो आणि उन्हाळ्यांत तीच जमीन भेगाळते. रिंगणास मुरमाची किंवा वाळूची जागा पाहिजे; आणि वैशाखांत तर दिवस उजाडण्यापूर्वींच काम उरकलें पाहिजे. छावणीचे चार महिने बाहेर स्वारी नसे, म्हणून पुष्कळांस तो पागेच्या विश्रांतीचा काळ वाटतो. हाताळणें, म्होरकी, साज हे धडे मात्र छपराखालीं किंवा अंगणांत देतां येतात आणि त्यास हाच काळ सोयीचा. मोकळ्या मैदानावरील मोठा कावा पाऊस उघडल्यावर. दसऱ्यास घोड्यांची पूजा करून लष्कर बाहेर पडे. त्या दिवशींच्या झुली व गोंडे सर्वांस दिसत. त्यामागची मेहनत पागेच्या आवारांतच राहून जाई.

[६]

येथें एक आक्षेप येईल : ही विद्या एवढी महत्त्वाची होती, तर कागदांत ती कां दिसत नाहीं? सभासदाच्या त्या वर्णनांत पंचवीस घोड्यांमागें पखालजी आहे, नालबंद आहे, चाबुकस्वार नाहीं. याचें कारण उपेक्षा नसून विद्येचें स्वरूप आहे, असें आम्हांस वाटतें. पाणी व नाल यांचा खर्च मोजतां येतो. हाताचें कसब मोजतां येत नाहीं. तें बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जातें आणि लेखणीपर्यंत पोंचत नाहीं. शालिहोत्राच्या पोथ्यांचीहि हीच गत आहे. जयदत्त व नकुल यांच्या नांवावरील ग्रंथ कलकत्त्यास १८८६-८७ मध्यें छापले गेले. तंजावरच्या सरस्वतीमहालांतील सचित्र अश्वशास्त्र १९५२ मध्यें प्रसिद्ध झालें. रंग, भोंवरे, शुभाशुभ लक्षणें, रोग व औषधें यांस त्यांत विपुल जागा आहे. घोड्यांचा वैद्य 'सलोत्री' म्हणून शालिहोत्राचें नांव लोकांत चालवीत राहिला; योग्याचार्याच्या नांवावर मात्र कोणी पोथी लिहिली नाहीं.

शेवटीं ही माणसेंहि पांगलीं. १८०३ मध्यें आडगांवच्या लढाईनंतर देवगांवच्या तहानें भोसल्यांचें राज्य आंखडलें. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या टेंकडीवर जें झालें तें नागपुरांत सर्वांस ठाऊक आहे. तेथें निकाल फिरविण्यांत कॅप्टन फिट्झजेरल्डच्या हाताखालील बंगाली रिसाल्याच्या चढाईचा मोठा वाटा होता. पुढच्या तहांनीं फौजेचा कारभार दरबाराच्या हातांतून गेला. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरा रघूजी निवर्तला आणि १८५४ मध्यें राज्य खालसा झालें. त्यानंतर राजवाड्यांतील हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीस लिलावांत विकले गेले, आणि जडजवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें. इंग्रज इतिहासकार जॉन के यानें ही हकीकत शिपायांच्या युद्धाच्या इतिहासांत (पहिला खंड, १८६४) खेदानें दिली आहे. दागिन्यांच्या लिलावाबद्दल आजवर पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. घोड्यांच्या लिलावाबद्दल ती झाली नाहीं. वास्तविक दागिना विकला तर तो दुसऱ्याच्या घरीं राहतो. पागा मोडली म्हणजे घोडा शिकविणाऱ्या हातांस काम उरत नाहीं, आणि तें कसब एका पिढींत नाहींसें होतें.

म्हणून हस्तलिखितें व जुने कागद जमविणाऱ्यांस एक विनंति करून हा लेख संपवितों. सनदा, तहनामे, मोठ्या माणसांचीं पत्रें यांस हल्लीं जपणारे लोक आहेत. पागेच्या किरकोळ याद्या मात्र 'दाण्याचा हिशेब' म्हणून गठ्ठ्याच्या तळाशीं जातात. त्या काढून वाचाव्या. बागडोरी, म्होरक्या, दोर यांची खरेदी कोणत्या महिन्यांत झाली. चाबुकस्वाराची नेमणूक किती घोड्यांमागें व किती रुपयांची. नव्या घोड्यास जादा दाणा किती दिवस मिळाला, हें त्यांतून निघूं शकेल. सर्वांत मोलाचें म्हणजे तारखांचें अंतर. एकाच घोड्याचा रंग व लक्षणें सांगून 'नवा दाखल' अशी एक नोंद आणि पुढें त्याच घोड्यावर बारगिराच्या नांवाची दुसरी नोंद मिळाली, तर या दोन नोंदींमधील काळ म्हणजे त्याचें शिक्षण. अशीं वीस-पंचवीस उदाहरणें जुळलीं तरी मराठ्यांच्या घोडदळाच्या तयारीचें माप आपणांस प्रथमच मिळेल. शालिहोत्राची पोथी हातीं आली तर तिच्यावर 'वैद्यक' अशी चिठ्ठी लावून ती बाजूस ठेवूं नये. गति, धारा, मंडल, वल्गा हे शब्द कोठें येतात तें पाहून तेवढीं पानें उतरून घ्यावीं.

'घोडा मैदान जवळ आहे' अशी आपल्याकडे म्हण आहे. परीक्षेची घटका दूर नाहीं, असा तिचा आशय. आमच्या मताचीहि परीक्षा अशीच व्हावी. पागेच्या कागदांतून शिक्षणाचे महिने निघाले नाहींत, मिळालेला घोडा लगेच स्वारीस लागत होता असें दिसलें, तर काव्याचें मूळ रिंगणांत आहे हें आमचें म्हणणें आम्ही आनंदानें परत घेऊं. परंतु ते महिने निघाले, तर गनिमी काव्याच्या इतिहासांत सेनापतींच्या नांवांमागें मोतद्दार व चाबुकस्वार यांच्यासाठींहि एक ओळ सोडावी लागेल.